दुसरी ओळ भाड्याची

म्हापसा

प्रिय बाय,

चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली बसून तू मला मुंबईच्या एसी लोकलचं तुझं निवेदन वाचून दाखवलंस आणि मी सही केली नाही. तू राग गिळलास. थिवीला तुला मांडवी एक्सप्रेसमध्ये बसवून द्यायला आलो, तेव्हाही माझ्याकडे धड बघितलं नाहीस. म्हणून लिहितो.

डोंबिवलीहून रोज लोंबकळत कामाला जाणाऱ्या मुलीने गारवा का मागावा, हे मला पटवायला नको. तीस वर्षं मीही त्याच डब्यात होतो. घामाने पाठीला चिकटलेला शर्ट ऑफिसच्या पंख्याखाली वाळवून मगच साहेबासमोर जायचो. पण ‘जुन्या सर्व लोकल वातानुकूलित कराव्यात’ हे एकच वाक्य तू दीड पान फिरवलं आहेस. भाडं कुठे आहे त्यात?

तुझ्या डब्यातली एक मैत्रीण म्हणते एसी आणा, दुसरी म्हणते एसी आली की आमची गाडी गेली. कुणाचं खरं, असं तू विचारलंस. दोघींचंही. जुन्या डब्याच्या छपरावर यंत्र चढवून काम होत नाही. दारं सताड उघडी, खिडक्यांना गज; गारवा टिकायचा तर दारं आपोआप मिटायला हवीत, काचा बंद हव्यात, छपराने ओझं पेलायला हवं आणि तेवढी वीज हवी. म्हणजे गाडीच नवी येणार. आणि सकाळच्या गर्दीत रुळावर जास्तीची गाडी घालायला जागा कुठे आहे? नवी येते ती कुठल्या तरी जुन्या गाडीच्या वेळेवर. तुझ्या मागणीचा रेल्वेच्या भाषेत अर्थ एवढाच होतो, की कुणाची तरी साधी लोकल काढा. मग त्या माणसाने कितीचा पास काढून जायचं, हे आधी लिही.

पहिली एसी लोकल 25 डिसेंबर 2017 ला बोरिवलीहून निघाली. तिचं मूळ भाडं फर्स्ट क्लासच्या 1.3 पट ठरवलं होतं. मे 2022 मध्ये एकेरी तिकीट निम्म्यावर आलं, पहिल्या टप्प्याचं 65 चं 30 झालं. पासाला मात्र हात लावला नाही. रोजचा माणूस पासवर जातो, बाय! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळवा आणि बदलापूरला लोक रस्त्यावर उतरले आणि मध्य रेल्वेला वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. गारव्याचा राग नव्हता कुणाला.

आता माझं सांगतो. एसी लोकल यायच्या आधी मीसुद्धा सह्यांचे कागद घेऊन डब्याडब्यांतून फिरलो. लगेजच्या डब्यात एक भाजीवाली मावशी होती. तिने माझ्या शब्दावर अंगठा उठवला. ‘किती पैसे पडतील?’ एवढंच तिने विचारलं होतं. मी म्हटलं, ते मागाहून बघू. पुढे तिची नेहमीची गाडी एसी झाली. टोपली घेऊन ती फलाटावर उभी होती, दारं मिटली, गाडी निघून गेली. ती मला एक शब्द बोलली नाही. मी मात्र त्या दिवसापासून भाड्याशिवाय एकाही कागदावर सही केलेली नाही. हट्ट म्हण हवं तर. तुझी आई तसंच म्हणते.

म्हणून पहिल्या ओळीत गारवा माग आणि दुसऱ्याच ओळीत भाडं: सेकंड क्लासच्या पासात प्रवास. तिसऱ्या पानावर नको, ‘माफक दरात’ असं गुळमुळीत नको. ‘माफक’ शब्दाला कुणीही काहीही अर्थ लावतो. त्यानंतर दारांचं लिही. जून 2025 मध्ये मुंब्र्याला दारात लटकलेली माणसं पडून मेली. त्यानंतर रेल्वेनेच आपोआप मिटणाऱ्या दारांची विनाएसी लोकल आणायचं सांगितलं. दारांना झडपा, छतातून हवा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट. छतातून बाहेरची हवा आत ढकलायची सोय 2007 पासून आलेल्या सीमेन्सच्या गाड्यांत होतीच. एसी येईपर्यंत निदान ही हवा नीट चालू ठेवा, असं ठणकावून माग. त्याला नवी गाडी लागत नाही.

भाडं घातलं तर मागणी फेटाळतील, असं तू म्हणालीस. फेटाळू देत. पुन्हा दे. पण भाडं गाळून मंजूर करून घेतलेली मागणी मी एकदा बघितली आहे.

कागद नव्याने लिहिलास की आधी मैत्रिणींना दाखवू नकोस. लगेजच्या डब्यात चढ, तिथल्या बायकांना मोठ्याने वाचून दाखव आणि त्या काय म्हणतात ते मला कळव. दिवाळीला येशील तेव्हा तोच कागद आण. पेन माझ्याकडे आहे.

तुझा,
काका