मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटी यांच्यातला खरा मोठा क्लब कोणता?

तुम्ही म्हणताय की नुकतीच प्रीमियर लीग बघायला लागलोय, या तिघांतला मोठा क्लब सांगा आणि कोणाची बाजू घ्यायची तेही सांगा. मोठा क्लब युनायटेड. मी १९९९ पासून युनायटेडचा आहे, तेव्हा या उत्तरातून किती वजा करायचं ते तुम्हीच ठरवा. बाजू कोणाची घ्यायची ते मी सांगणार नाही, नंतर शिव्या मलाच पडतात.

पण हा प्रश्न दिसला की मला १३ मे २०१२ आठवतो.

रविवार होता. डोंबिवलीला आत्याकडे आमरस-पुरीचं जेवण. आतेभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आणि हाडाचा लिव्हरपूलवाला. सीझनचा शेवटचा दिवस. युनायटेड आणि सिटी दोघांचे ८६ पॉइंट, पॉइंट सारखे राहिले की ज्यावर लीग ठरते त्या गोलफरकात सिटी आठने पुढे. सिटीची मॅच घरच्या मैदानावर, तीही खालच्या लीगमध्ये ढकललं जायच्या भीतीत असलेल्या क्यूपीआरशी. आमची संदरलंडला. लिव्हरपूल त्या वर्षी आठवं आलं, त्यामुळे दादाला स्वतःचं असं काही काम नव्हतं. तो त्या संध्याकाळपुरता सिटीवाला झाला होता. काकांना आयपीएल बघायची होती, ते चिडून गॅलरीत जाऊन बसले.

टीव्ही एक, मॅच दोन, आणि रिमोट दादाच्या हातात. रूनीने हेडर मारून आम्हाला पुढे नेलं तेव्हाही तो सिटीचीच मॅच लावून बसला होता. तो गोल मी नंतर पाहिला. पण सेकंड हाफला मजा आली. क्यूपीआरचा बार्टन लाल कार्ड खाऊन बाहेर गेला आणि दहा जणांनी खेळून त्यांनी २-१ अशी आघाडी घेतली. नव्वद मिनिटं झाली तरी तेच. मी उठलो, आत्याला म्हटलं रस वाढ, आणि वाटी हातात घेऊन दादासमोर उभा राहिलो. "दादा, वीस!" तोपर्यंत आमची एकोणीस लीग-विजेतेपदं होती, लिव्हरपूलची अठरा.

"खाली बस. पाच मिनिटं दिलीत," तो म्हणाला.

सिटीच्या झेकोने गोल करून २-२ केलं तेव्हाही मी उभाच होतो. तिकडे संदरलंडची मॅच संपली, आम्ही जिंकलो, आमचे खेळाडू मैदानात घुटमळत उभे. आणि मग सिटीच्याच अग्वेरोचा गोल, ३-२. ९३ मिनिटं २० सेकंद. दादा सोफ्यावरून असा उडाला की त्याचा हात माझ्या वाटीला लागला आणि रस सोफ्याच्या पांढऱ्या खोळीवर. आत्या आतून ओरडत आली. दादा अजून नाचतच होता. तिकडे संदरलंडचे लोकसुद्धा मैदानाकडे पाठ करून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आम्हाला चिडवायला उड्या मारत होते.

ती खोळ मी धुतली. डाग गेला नाही.

आता मुद्दा बघा. जिंकलं सिटी आणि नाचले कोण? डोंबिवलीतला एक लिव्हरपूलवाला आणि संदरलंडचं अख्खं स्टेडियम. आपण हरलो की ज्यांचा काही संबंध नाही त्यांच्या घरी दिवाळी व्हायला हवी, मोठा क्लब मी त्याला म्हणतो. सिटी हरली तर कोणाच्या घरी काय होतं? २०२१ ते २०२४ सलग चार लीग जिंकल्या, असं आजवर इंग्लंडमध्ये कोणी केलं नव्हतं. २०१७-१८ ला शंभर पॉइंट केले. २०१८-१९ ला लिव्हरपूलने ९७ केले तरी सिटी ९८ करून गेली. दबदबा म्हणाल तर गेल्या पंधरा वर्षांत सिटीचाच, यात वाद नाही. पण खुन्नस पैशाने येत नाही.

युनायटेड-लिव्हरपूलचं भांडण फुटबॉलच्या आधीचं आहे. मँचेस्टरच्या गिरण्यांचा माल लिव्हरपूल बंदरातून जायचा आणि तिथली पट्टी मँचेस्टरवाल्यांना डाचायची. शेवटी त्यांनी सरळ कालवा खणून १८९४ मध्ये जहाजं आपल्या दारात आणली. युनायटेड आणि सिटी दोघांच्याही चिन्हावर जहाज आहे. (अमेरिकेत यादवी चालू असताना आपल्याकडचा कापूस मुंबईहून त्याच लिव्हरपूलला उतरत होता. म्हणजे दादापेक्षा वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा त्या गावाशी जास्त संबंध.)

आता कबुली. ती लीग अग्वेरोने नेली नाही, आम्ही घालवली. सहा मॅच बाकी असताना आम्ही आठ पॉइंटने पुढे होतो. विगनला हरलो, मग घरी एव्हर्टनविरुद्ध ४-२ ने पुढे असताना शेवटच्या सात-आठ मिनिटांत ४-४. तोच गोलफरक म्हणाल तर ऑक्टोबरमध्ये सिटीने आमच्याच घरी ६-१ मारले होते. पुढच्या वर्षी वीस झाल्या, आमचे मॅनेजर फर्ग्युसन निवृत्त झाले, आणि त्यानंतर २०२४-२५ ला आम्ही पंधरावे आलो. त्याच सीझनला लिव्हरपूलच्या वीस झाल्या.

सिटीवर लीगने २०२३ मध्ये आर्थिक नियम मोडल्याचे शंभराहून जास्त आरोप ठेवले, त्यांनी ते नाकारले. त्यामुळे वर पैशाबद्दल बोललो ते माझं मत समजा. आर्सेनलवाल्यांनी चिडू नये, २००३-०४ ला एकही मॅच न हरता लीग जिंकणं प्रीमियर लीगमध्ये मला अजून दुसऱ्या कोणाला जमलेलं दिसलं नाही. प्रश्नात तुमचं नाव नव्हतं एवढंच. आणि कोणाचेही चाहते व्हा, म्युनिक (युनायटेडच्या संघाचा विमान अपघात) आणि हिल्सबरो (लिव्हरपूलच्या चाहत्यांचे बळी घेणारी चेंगराचेंगरी) यांवर विनोद करू नका. आमच्याकडे एकदा एकाने केला होता, कोणी ते लिहीत नाही, महिनाभर बोलणं बंद होतं.

दादाचं म्हणणं ठरलेलं आहे: युरोपचे कप (आताची चॅम्पियन्स लीग) मोजा, आमचे सहा, तुमचे तीन. बरोबर. पण दादा, तू हे वाचणार हे मला माहीत आहे म्हणून इथेच विचारतो. २००५ ला इस्तंबूलला ०-३ वरून कप आणलात, त्या सीझनला लीगमध्ये तुम्ही पाचवे होतात आणि तुमच्याच गावातलं एव्हर्टन चौथं. युरोपात पहिले आणि स्वतःच्या गावात दुसरे, हे कसं काय? सोफ्याच्या खोळीच्या दिवसापासून विचारतोय.