बोनेटखाली: भंगारातला पंखा आणि जुनी एमजीबी

प्रश्न: माझ्याकडे वडिलांच्या वेळची १९६५ ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, उघड्या टपाची. हायवेवर टेंपरेचरचा काटा जागेवर असतो, पण दसरा चौकात दोन सिग्नल लागले की चढायला लागतो. रत्नागिरीहून परत येताना आंबा घाटात ट्रकच्या मागे अडकलो, तर पाणी फेकते. उद्यमनगरातून मारुती ८०० चा रेडिएटर फॅन भंगारात ६०० रुपयांना आणलाय. बॅटरीवर लावून पाहिला, चालतो. क्लॅम्प मीटरवर ९ अँपिअर येतात. गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. आमचा मेकॅनिक म्हणतो, आधी निगेटिव्ह अर्थ करा, मग पंख्याचं बघू. करावं का? आणि पंखा बसवावा कसा?
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: पंखा आणल्या आणल्या तुम्ही मीटर लावलंत, तिथंच निम्मं काम झालं. बहुतेक जण आधी भोकं पाडतात.

तुमच्या पत्रात दोन वेगवेगळे आजार आहेत, ते आधी सुटे करू. सिग्नलला काटा चढतो तो वाऱ्याअभावी. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा मूळचा पंखा आयडलवर सुस्त असतो, गाडी उभी असल्यामुळे समोरूनही वारा नाही. इथं विजेचा पंखा शंभर टक्के उपयोगाचा. घाटातली गोष्ट वेगळी. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन चांगलं फिरत असतं, म्हणजे तुमचा जुना पंखाही जोरात फिरत असतो. तरीही पाणी फेकत असेल, तर माझा संशय रेडिएटरच्या जाळीवर आहे. साठ वर्षांचा गाळ आहे तो. रेडिएटरवाल्याकडे नेऊन वरची टाकी उघडून आतून सळया मारून घ्या. ओतायची पावडर वगैरे नको. सोबत थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, पातेल्यात पाणी उकळून तपासा. ८२ अंशाचा असेल तर ८२ च्या आसपास उघडायला सुरुवात झाली पाहिजे. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूमची नळी तोंडानं ओढून बघा, आतला पडदा फाटला असेल तर ठिणगीचं टायमिंग मागे राहतं आणि इंजिन उगाच तापतं. एवढं करून घाट चढून या. माझा अंदाज, निम्मी तक्रार तिथंच संपेल.

आता मेकॅनिकचं म्हणणं. पंख्यासाठी गाडीचं अर्थिंग उलटं करू नका. पंख्याची मोटर साधी ब्रशवाली आहे, तिला तुमचा अर्थ कोणता याच्याशी देणंघेणं नाही. दोन तारा, उलट लावल्या की उलटी फिरते, बस्स. उलट तुमच्या १९६५ च्या गाडीत आरपीएमचं मीटर इलेक्ट्रॉनिक आहे, ते नुसत्या तारा फिरवून ऐकत नाही, आतून बदलावं लागतं. डायनॅमोला नवी पोलॅरिटी शिकवा, कॉइलच्या तारा बदला, हे वेगळंच. कंपनीनं स्वतः निगेटिव्ह अर्थ आणला तो १९६७ मध्ये, डायनॅमोच्या जागी आलेल्या आल्टरनेटरबरोबर. तुम्हाला कधी आल्टरनेटर घालायचा असेल तेव्हा ते सगळं एकदम करा.

मात्र 'तारा उलट लावल्या की उलटी फिरते' हे वाक्य मी फार महागात शिकलोय. नाना पेठेत दुकान होतं तेव्हाची गोष्ट. अशीच एक पॉझिटिव्ह अर्थवाली दोन सीटांची गाडी आली. भंगारातला पंखा बसवला, सवयीनं काळी तार बॉडीला दिली. चालू केला, आवाज सुरेख. ग्रिलपुढे उभं राहिलं की गार वारा लागायचा. गिऱ्हाईक खूश, मीही खूश, चहा झाला. संध्याकाळी कात्रजहून फोन: गाडी उकळली. रिक्षानं गेलो, बोनेट वर करून बिचारा उभा होता. तिथं डोक्यात प्रकाश पडला की, तो वारा आपल्याला लागताच कामा नये! पंखा इंजिनाकडची गरम हवा जाळीतून पुढे ढकलत होता आणि चालती गाडी समोरून वारा आत ढकलत होती. दोघांच्या भांडणात पाणी उकळलं.

म्हणून तुमच्या पंख्याच्या बाबतीत: आधी बाकावर पक्कं करा की कोणती तार पॉझिटिव्हला दिली की पाती हवा मोटारच्या बाजूला ओढून घेतात. त्या तारेला लाल टेप मारा. तुमच्या गाडीत लाल टेपवाली तार जाईल बॉडीला आणि दुसरी रिलेकडे (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). डोक्याला झिणझिण्या येतात, पण बरोबर तेच आहे. बसवल्यावर ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा अर्धा कागद धरा. तो ग्रिलला चिकटून बसला पाहिजे. फडफडून तुमच्याकडे आला तर तारा बदला.

मारुतीत हा पंखा रेडिएटरच्या मागे बसून हवा ओढतो. पात्यांची वाक त्याच दिशेची आहे, म्हणून तुमच्याकडेही मागेच बसवा. पुढे बसवून उलट फिरवला तर फिरेल, पण वारा निम्मासुद्धा देणार नाही. तशीही पुढे ऑइल कूलर असतो, जागा नाही. मागे बसवायचा म्हणजे जुना पंखा काढावा लागेल. तो काढताना लक्ष ठेवा: पंखा धरणारे बोल्टच वॉटर पंपाची कप्पीही धरतात. पंखा गेला की बोल्ट पंख्याच्या जाडीएवढे लांब होतात, पिळून घट्ट झाल्यासारखे वाटतात आणि कप्पी ढिलीच राहते. आखूड बोल्ट घाला किंवा तेवढ्या जाडीचे वॉशर. जुना पंखा बोल्टसकट पिशवीत बांधून डिकीत ठेवा, फेकू नका.

जागा मोजायला टेपपट्टी कामाची नाही, हात आत जात नाही. घरातून कणकेचा लिंबाएवढा गोळा आणा. कप्पीच्या नाकावर चिकटवा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, मग पंखा लावलेला रेडिएटर त्याच्या जागी बसवून बोल्ट हातानं लावा. परत काढा आणि दबलेली कणीक मोजा. २० मिलिमीटर उरली तर मी निर्धास्त असतो. १० च्या खाली असेल तर नको, कारण इंजिन रबरावर बसलेलं आहे, जोरात ब्रेक मारला की पुढे झुकतं आणि कप्पी पंख्याची मोटर चाटते.

मारुतीच्या पंख्याभोवतीचं कडं कापू नका. लोक 'अडचण होते' म्हणून कापतात. कडं नसेल तर पंखा स्वतःच्या गोलापुरतीच हवा ओढतो, कोपरे तसेच तापलेले. २० मिलिमीटर रुंदीच्या लोखंडी पट्ट्यांनी, मध्ये रबर घालून, रेडिएटरच्या बाजूच्या चौकटीला धरा. जाळीतून आरपार प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा टांगायची एक पद्धत आहे. दिसायला झकास, पण थरथरून थरथरून ती पट्टी पितळी नळी कापते. अशा दोन जाळ्यांना डाख लावून घेतलाय मी.

आता खरा मुद्दा, पैशाचा नव्हे, अँपिअरचा. तुमच्या गाडीचा डायनॅमो ल्युकासचा, सी-४०, त्याची जास्तीत जास्त कमाई २२ अँपिअर, तीही इंजिन बऱ्यापैकी फिरत असताना. आयडलवर कमाई जवळपास शून्य, तेव्हा लाल दिवा मिणमिणतो तो त्याचाच. आणि पंखा लागणार कधी? आयडलवरच. म्हणजे दसरा चौकात पंख्याचे ९, इग्निशनचे ३ आणि पेट्रोल पंपाचा धरा १, हे सगळे १३ अँपिअर बॅटरीच्या गाठीतून जाणार. सलग अर्धा तास उभे राहिलात तर साडेसहा अँपिअर-तास गेले. सीटमागच्या त्या सहा-सहा व्होल्टच्या जोडीला, ती धडधाकट असेल तर, हे झेपतं. पुढे अर्धा तास गाडी पळाली की बहुतेक भरून निघतं. दिवसा काळजी नाही. रात्री मात्र हेडलाइटचे ८, मागचे आणि मीटरचे दिवे मिळून २, असं धरलं की बेरीज २३ वर जाते. पळत्या गाडीतसुद्धा तोटा. पळत्या गाडीत पंखा लागत नाही हे आपलं नशीब. पण तो बंद झालाच पाहिजे, म्हणून पाण्याच्या तापमानावर पंखा चालू-बंद करणारा थर्मोस्विच हवाच. नुसतं डॅशबोर्डवर बटण ठेवून 'मी लक्ष ठेवीन' म्हणू नका. कोणी ठेवत नाही.

थर्मोस्विचवर बहुधा दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ९२-८७. म्हणजे ९२ ला पंखा चालू, ८७ ला बंद. ८२ च्या थर्मोस्टॅटला ही जोडी छान जमते. ८० ला चालू होणारा आणलात तर पंखा कधी थांबणारच नाही. तुमच्या रेडिएटरला स्विचची जागा नाही. उद्यमनगर हाताशी आहे, तेव्हा पितळी नळीचा तुकडा टर्नरकडून करून घ्या, दोन्ही टोकांना पाइप बसेल असा आणि मध्ये स्विचच्या आट्यांचं बॉस. वरचा होज कापून मध्ये घाला, चार क्लिप. आणि एक गोष्ट हमखास विसरते: ही नळी दोन्हीकडे रबरात अडकलेली, तिला अर्थच नाही. स्विच एका टोकाचा असेल तर नळीला वायर डाखून बॉडीला जोडा. दोन टोकांचा घेतलात तर ही कटकटच नाही.

वायरिंग थोडक्यात. स्टार्टर सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या बोल्टवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, हातभराच्या आत २० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या टोकाला (हे नंबर रिलेच्या टोकांवर लिहिलेले असतात). ८७ वरून पंख्याला. पंख्याची दुसरी तार बॉडीला, रंग खरवडून. ८६ ला इग्निशनची हिरवी वायर, ८५ थर्मोस्विचमधून बॉडीला. हिरवी अशासाठी की चावी काढली की पंखा थांबतो आणि सकाळी बॅटरी बसलेली सापडत नाही. रिले घेताना त्याच्या अंगावरचं चित्र बघा. आत डायोड दाखवला असेल तर दुकानदाराला परत द्या, पॉझिटिव्ह अर्थवर अशी जोडणी केली तर तो डायोड सरळ शॉर्ट होतो. थिंबल पकडीनं दाबून वर डाख द्या.

पंखा बसवण्याआधी एकदा अर्धा तास सलग चालवा, नऊचे दहा-अकरा होत नाहीत ना बघा. हातानं फिरवून सोडला की हळू थांबावा. खर्रकन थांबला तर बुश गेलाय. शाफ्ट आडवा हलवून पाहा. ६०० रुपयांचा पंखा आहे, ब्रश आणि बुश बदलायला कंटाळू नका. मायलेज किती वाढेल हे तुम्ही विचारलं नाहीत, त्याबद्दल आभारी आहे.

प्रश्न: तुमच्या मागच्या एका उत्तरावरून मी माझ्या जुन्या गाडीला असाच पंखा बसवला. पंखा सुरू होताना हेडलाइट क्षणभर मंद होतात आणि १० अँपिअरचा फ्यूज दोनदा उडाला. चालताना पंखा ७ अँपिअरच घेतो. शॉर्ट आहे का?
एक वाचक, नाशिक

उत्तर: शॉर्ट नाही. थांबलेली मोटर उठताना चालतानाच्या दुप्पट-तिप्पट करंट घेते, अर्ध्या सेकंदापुरता. १० चा फ्यूज तिथंच जातो. २० चा घाला, पण वायर त्या तोलाची आहे ना ते बघून. दिवे मंद होण्याचं कारण बहुधा पंख्याला आणि दिव्यांना तुम्ही एकाच अर्थच्या बोल्टवर बांधलंय. पंख्याचा अर्थ वेगळा काढा.

प्रश्न: माझी सॅन स्टॉर्म आहे, इथं गोव्यातच बनलेली. पावसाळाभर झाकून ठेवली होती. आता गाडी तापते पण पंखा सुरूच होत नाही. मोटर बदलायची का? भंगारात दुसऱ्या गाडीची मिळतेय.
एक वाचक, मडगाव

उत्तर: थांबा, इतक्यात काही विकत घेऊ नका. चावी चालू करा, थर्मोस्विचचा प्लग काढा आणि प्लगच्या दोन टोकांना वायरच्या तुकड्यानं जोडा. पंखा फिरला तर मोटर ठणठणीत आहे, स्विच बदला. नाही फिरला तर फ्यूज, मग रिले, मग मोटारचा प्लग, याच क्रमानं. समुद्राजवळची गाडी आहे. प्लगमध्ये हिरवी भुकटी दिसली तर आधी पॉलिश पेपरनं घासा. आणि हे करताना बोटं जाळीपासून लांब. तापलेल्या गाडीत पंखा विचारून सुरू होत नाही.