पाऊण मुलाचं गणित

गेल्या अंकात जगभरच्या घटत्या जन्मदरावर ओझरतं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातल्या काहींना इथे उत्तर देते. ‘आकडे टाळून सांगा’ असं दोघांनी कळवलंय. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलेल्या बाईला एवढं एक सांगू नका.

प्रश्न : दक्षिण कोरियाचा प्रजनन दर 0.72 झाल्याचं वाचलं. बाईला पाऊण मूल कसं होईल? हा आकडा काढतात कसा आणि त्यावर भरवसा किती ठेवायचा?

पाऊण मूल कुणालाच होत नाही. आणि हा आकडा ज्या बाईचा म्हणून सांगतात, ती बाईही कुठे राहत नाही. ती कागदावर तयार केलेली असते.

समजा, एखाद्या देशात एका वर्षात 15 ते 19 वयाच्या दर हजार बायकांमागे 10 बाळं जन्मली. 20 ते 24 च्या गटात 80, मग 25 ते 29 मध्ये 120, पुढच्या गटात 90, नंतर 40, 9 आणि 45 ते 49 मध्ये 1. बेरीज झाली 350. प्रत्येक गट पाच वर्षांचा, म्हणून पाचाने गुणायचं : 1750. हजाराने भागलं की 1.75. हाच एकूण प्रजनन दर. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पण रीत जगभर हीच. याचा अर्थ, एखादी मुलगी पंधराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत या एकाच वर्षाच्या चालीने जगली, तर तिला सरासरी 1.75 मुलं होतील. आता पस्तीस वर्षं एकाच वर्षात कोण जगतं? आज विशीत असलेली मुलगी चाळिशीला पोचेल तेव्हा आजच्या चाळिशीच्या बाईसारखी वागेलच असं नाही. सगळी मेख इथे आहे.

बातमीत जन्मदर आणि प्रजनन दर सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. जन्मदर म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरातले जन्म. त्यात म्हातारे, पुरुष, शाळकरी पोरं, सगळे धरलेले असतात. देश म्हातारा होत गेला, तर बायकांना पूर्वीइतकीच मुलं होत असूनही जन्मदर उतरतो. दोन देशांची तुलना करताना म्हणूनच प्रजनन दर बघावा.

भरवशाचं म्हणाल तर जपानचं 1966 साल बघा. तिथल्या पंचांगात साठ वर्षांनी एकदा ‘हिनोए-उमा’, म्हणजे अग्नी-घोड्याचं वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याच्या मुळावर येते, अशी समजूत. 1965 मध्ये जपानात 18 लाख 24 हजार बाळं जन्मली होती, 1966 मध्ये 13 लाख 61 हजार, आणि 1967 मध्ये 19 लाख 36 हजार. प्रजनन दर 2.14 वरून 1.58 वर आपटला आणि पुढच्याच वर्षी 2.23 झाला. एका वर्षासाठी जपानी बायकांची मुलांची हौस फिटली होती का? छे! जोडप्यांनी बाळ थोडं अलीकडे-पलीकडे ढकललं, एवढंच. काहींनी तर जन्मलेल्या मुलीची तारीखच नोंदवताना सरकवली. 1966 चाच आकडा हाती धरून कुणी जपानचं भविष्य वर्तवलं असतं, तर बारा महिन्यांत तोंडावर पडला असता.

गंमत पुढे आहे. 1989 मध्ये जपानचा दर 1.57 झाला. अग्नी-घोडा नाही, पंचांग नाही, काही नाही, तरी 1966 च्याही खाली. तिथल्या सरकारला खरा धक्का बसला तो या वेळी, कारण हा आकडा परत फिरणारा नव्हता. 2024 मध्ये तो 1.15 होता. (पुढचं अग्नी-घोड्याचं वर्ष 2026. आताच्या जपानी जोडप्यांना मूल लांबणीवर टाकायला घोड्याची गरज उरलेली नाही.)

लांबणीवर टाकण्याचं गणितही सोपं आहे. प्रत्येक बाईला शेवटी दोनच मुलं होणार आहेत, पण आई होण्याचं सरासरी वय दरवर्षी 0.1 वर्षाने पुढे सरकतंय असं धरा. मग ते सरकत राहील तितकी वर्षं दर 2 ऐवजी 1.8 दिसेल. मूल एकही कमी झालेलं नाही. कोरियात पहिल्या बाळाच्या वेळी आईचं सरासरी वय 2023 मध्ये 33 होतं, तेव्हा त्या 0.72 मध्ये लांबणीचा वाटा आहेच. पण लांबणीने पाव-अर्ध्या मुलाचा फरक समजतो, दोनावरून 0.72 पर्यंतच्या सव्वा मुलाचा नाही. 2015 मध्ये तिथला दर 1.24 होता, 2018 मध्ये तो एकाखाली गेला, 2023 मध्ये 0.72. 2024 मध्ये किंचित चढून 0.75 झाला, तर लगेच ‘कोरिया सावरला’ असे मथळे आले. एका वर्षाच्या आकड्यावरून नाचू नये आणि रडूही नये. कोरियात लग्नाशिवाय मूल होण्याचं प्रमाण अगदी थोडं, आणि लग्नंच घटलेली. बाळाचा प्रश्न यायच्या आधीच गाडं अडतंय. फ्रान्समध्ये निम्म्याहून जास्त बाळं लग्नाबाहेर जन्मतात, तिथे हा अडसर नाही. तरीही फ्रान्सचा दर 2024 मध्ये 1.62 वर आलाच, हेही सांगायला हवं.

प्रश्न : दर 2.1 च्या खाली गेला की लोकसंख्या घटते म्हणतात. मग अशा इतक्या देशांची लोकसंख्या वाढतेय कशी?

2.1 ही रेघ आहे ती दोन माणसांच्या जागी दोन यावीत यासाठी. वरचा 0.1 यासाठी की शंभर मुलींमागे साधारण 105 मुलगे जन्मतात आणि काही मुली आई होण्याच्या वयापर्यंत पोचत नाहीत. जिथे बालमृत्यू जास्त, तिथे ही रेघ 2.1 च्या बरीच वर असते.

रेघ ओलांडली म्हणून लोकसंख्या त्या दिवसापासून घटत नाही. आधीच्या पिढीत भरपूर मुली जन्मलेल्या असतात. प्रत्येकीला कमी मुलं झाली, तरी आयाच इतक्या की जन्म मृत्यूंपेक्षा जास्त राहतात. कोरिया 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात 2.1 च्या खाली गेला, आणि तिथे मृत्यू जन्मांच्या पुढे गेले 2020 मध्ये. चीन 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून खाली आहे, त्याची लोकसंख्या घटू लागली 2022 मध्ये. याच कारणाने जगाचा दर आज सव्वादोनच्या आसपास, म्हणजे रेघेच्या अगदी जवळ आलेला असूनही संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अंदाजात जगाची लोकसंख्या 2080 च्या दशकापर्यंत वाढत, सुमारे 1,030 कोटींपर्यंत जाते. हेच उलट्या दिशेनेही लागू होतं. उद्या कोरियातल्या बायकांनी दोन-दोन मुलं जन्माला घातली, तरी आयाच कमी असल्याने लोकसंख्या बरीच वर्षं घटतच राहील.

प्रश्न : सरकारने पैसे दिले किंवा सक्ती केली तर दर वाढतो का? कुठे जमलंय?

सक्तीने वाढतो, हो. रुमानियाचं उदाहरण आहे. 1966 च्या ऑक्टोबरात तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याच्या सरकारने 770 क्रमांकाचा हुकूम काढला आणि गर्भपातावर जवळजवळ बंदी आली. तोवर गर्भपात हाच तिथल्या बायकांचा मुख्य उपाय होता, कारण गर्भनिरोधकं जवळजवळ मिळतच नव्हती. 1966 मध्ये 2 लाख 74 हजार जन्म, 1967 मध्ये 5 लाख 28 हजार. दर 1.9 वरून 3.7. दवाखाने पुरले नाहीत, पुढे शाळा पुरल्या नाहीत. आणि मग बायकांनी चोरवाटा शोधल्या. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दर पुन्हा दोनच्या आसपास आला होता. चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो बायका गेल्या. 1989 च्या क्रांतीनंतर नव्या सत्तेने हा हुकूम लगोलग रद्द केला, यातच काय ते आलं.

पैशाची गोष्ट अवघड. स्वीडनने 1980 मध्ये नियम केला : पहिल्या बाळानंतर ठरावीक महिन्यांत दुसरं झालं, तर रजेचा भत्ता आधीच्या पगारावरच मिळेल. लोकांनी दुसरं बाळ आधीच उरकलं. 1990 मध्ये दर 2.1 वर गेला, सगळं जग स्वीडनकडे बघायला लागलं. मग मंदी आली आणि 1999 मध्ये दर 1.5. पण त्या काळातल्या स्वीडिश बायकांची पन्नाशीपर्यंतची मुलं मोजली, तर सरासरी दोनच्या जवळपासच भरतात. म्हणजे वर्षाचा आकडा उड्या मारत होता, आयुष्याचा जागेवर होता. हंगेरीनेही करसवलती, कर्जमाफी असं पुष्कळ ओतलं. 2011 मधल्या 1.23 वरून 2021 पर्यंत दर 1.6 च्या आसपास चढला, 2024 मध्ये पुन्हा 1.4 च्या खाली. माझं मत विचाराल तर पैशाने मुलं जास्त होत नाहीत, होणारी लवकर होतात. मात्र पाळणाघर आणि रजा यांनी निदान हवं असलेलं मूल अडत नाही, तेवढ्यासाठी तो खर्च करावाच. दर वाढला नाही म्हणून पाळणाघरं बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं जमायचं नाही.

प्रश्न : एकदा घसरलेला दर कुठे पुन्हा वाढलाच नाही का?

कझाकस्तान. 1999 मध्ये 1.8, 2021 मध्ये 3.3. सोव्हिएत संघ फुटल्यानंतरच्या ओढग्रस्तीतून देश बाहेर आला, आणि कमी मुलांचे रशियन व जर्मन मोठ्या संख्येने निघून गेल्याने लोकसंख्येची घडणही बदलली. 2023 मध्ये दर पुन्हा तीनच्या किंचित खाली उतरलाय. पुढे काय होतं ते बघायला मी उत्सुक आहे.