निकाली निघाले, पण काम झाले का?

सरकारी कचेरीतील कामकाजाबद्दल ठाणे आणि नवी मुंबईहून आलेली काही पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. काही टेबलाच्या आतल्या बाजूने आली आहेत, काही बाहेरच्या.

प्रश्न : ठाण्यातील एका शासकीय कार्यालयात मी लिपिक आहे. पावणेदहाला येते, निघायची वेळ सव्वासहाची, प्रत्यक्षात साडेसात वाजतात. दिवसभर मान वर करायला फुरसत नसते. तरी सोमवारच्या साप्ताहिक गोषवाऱ्यात शिल्लक प्रकरणे जवळपास तेवढीच दिसतात. कुठे चुकते आहे?
— एक वाचक, नौपाडा

उत्तर : कष्टात काही कमी नाही, क्रमात आहे. समजा, शिल्लक १२० प्रकरणे होती, आठवड्यात ४० टपाल आले आणि ४० निर्गत झाले, म्हणजे नोंदवहीत निकाली निघाले. शिल्लक पुन्हा १२०. या निर्गत चाळिसांत तीस कागद 'अवलोकनार्थ', 'माहितीसाठी', 'पुढे पाठवावे' अशा जातीचे असतील, तर सात दिवसांत खरे निर्णय दहाच झाले. आणि सहा महिन्यांपूर्वीची पंधरा प्रकरणे कपाटात होती तिथेच राहिली. सोपा कागद आधी हातात घेतला की आकडा वाढतो, साहेबही खूश होतात. अवघड प्रकरण मात्र दर आठवड्याला आणखी अवघड होते, कारण तोवर संबंधित अधिकारी बदलतो, अर्जदाराचा दाखला जुना होतो, मोजणी पुन्हा मागवावी लागते.

म्हणून कार्यविवरण नोंदवहीच्या (टेबलावर आलेल्या प्रत्येक कागदाची नोंद असते ती वही) गोषवाऱ्यात एकूण शिल्लकेच्या पुढचे रकाने आधी पाहा : आठवड्यावरील, महिन्यावरील, तीन महिन्यांवरील, सहा महिन्यांवरील, वर्षावरील. हे रकाने बहुतेक ठिकाणी सोमवारी सकाळी अंदाजाने भरले जातात. ते नोंदवहीतील आवक दिनांकावरून भरा. पहिल्यांदा अर्धा दिवस जाईल, नंतर दर आठवड्याला फारसा वेळ लागत नाही.

मग सहा गठ्ठे लावा. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके (ठरावीक मुदतीने वर पाठवायची विवरणपत्रे), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायची 'ड' वर्गातील कागदपत्रे ही विभागणी तुम्हाला पाठ असेलच. घोळ होतो तो दुसऱ्या गठ्ठ्यात. प्रतीक्षाधीन याचा अर्थ आपण कुणाला तरी लेखी विचारले आहे आणि उत्तराची वाट पाहतो आहोत. प्रत्यक्षात जे प्रकरण समजत नाही किंवा नकोसे वाटते, तेही तिथेच जाते. कसोटी सोपी आहे : जावक क्रमांक असलेले पत्र आत नसेल, तर ते प्रकरण पहिल्या गठ्ठ्यात परत. जे राहील, त्याच्या मुखपृष्ठावर पेन्सिलने स्मरणपत्राची तारीख लिहा आणि दर शुक्रवारी एवढा एकच गठ्ठा उलटून पाहा. दोन स्मरणपत्रांना उत्तर आले नाही तर तिसरे पाठवू नका. वरिष्ठांच्या सहीने समोरच्या कार्यालयाच्या प्रमुखाला अर्धशासकीय, म्हणजे नावानिशी लिहिलेले पत्र जाऊ द्या.

पाचवा आणि सहावा गठ्ठा कमी महत्त्वाचे वाटतात, म्हणून वर्षानुवर्षे तसेच राहतात. जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८०च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जी फेरमांडणी केली, किंवा पुणे विभागात विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी २०१७ मध्ये जी झिरो पेंडन्सी (शून्य प्रलंबितता) मोहीम राबवली, त्या दोन्हींत जुन्या दप्तराचे वर्गीकरण आणि नको असलेल्या कागदांची विल्हेवाट यांना मोठे स्थान होते. फाइल शोधण्यात जाणारा वेळ कुठल्याच गोषवाऱ्यात दिसत नाही.

आता त्रुटी. तपासताना पहिली त्रुटी सापडली की वाचन थांबते आणि पत्र निघते. अर्जदार ती पूर्ण करतो, मग दुसरी सापडते. तीन पत्रे म्हणजे नोंदवहीत तीन निर्गती, आणि अर्जदाराच्या हाती शून्य. प्रत्येक प्रकारच्या अर्जासाठी एका पानाची तपासणी सूची करा, अर्ज शेवटपर्यंत वाचा, सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवा. नंतर नवी त्रुटी काढायची झाल्यास ती आधी का दिसली नाही हे टिपणीत लिहायचे, असा शाखेत दंडक घाला. त्रुटी आपोआप कमी होतात!

प्रश्न : ई-ऑफिसमुळे, म्हणजे संगणकावरच्या फाइल प्रणालीमुळे, फाइल एका क्लिकवर पुढे जाते म्हणतात. मग निर्णयाला पूर्वीइतकाच वेळ का लागतो?
— एक वाचक, कळवा

उत्तर : कारण फाइलचा प्रवास लवकर झाला तरी तिचे मुक्काम तेवढेच राहिले. पूर्वी शिपाई फाइल नेत होता, आता संगणक नेतो. प्रत्येक टेबलावर नवे काय ठरते, हा प्रश्न तसाच आहे.

नस्तीवरचे, म्हणजे फाइलवरचे काही शेरे पाहा. 'चर्चा करावी' : कोणाशी, कशावर, कधीपर्यंत, काही नाही. फाइल खाली येते, साहेब बैठकीला असतात, आठवडा जातो. 'नियमानुसार कार्यवाही करावी' : नियम कोणता, हेच तर खालच्याने विचारले होते. 'तपासून फेरसादर करावे' : काय तपासायचे ते खालच्याने ओळखायचे. या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे 'शासनाचे मार्गदर्शन मागवावे'. शासन निर्णयात तरतूद स्पष्ट असतानाही प्रकरण मंत्रालयात जाते, आणि काही महिन्यांनी तिथून उत्तर येते की प्रचलित तरतुदीनुसार आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा. दरम्यान दोन्ही कार्यालयांत फाइल फिरत होती, नोंदी होत होत्या, सगळे व्यग्र होते.

यामागे आळसापेक्षा भीती जास्त असते. सही केली तर लेखापरीक्षणात आक्षेप येऊ शकतो. उशीर केला म्हणून तसा आक्षेप क्वचितच येतो. कायदा मात्र वेगळे सांगतो. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम लोकांना बदल्यांपुरताच आठवतो. त्याच्या कलम १० नुसार सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर ४५ दिवसांत, असेल तर तीन महिन्यांत निर्णय आणि कार्यवाही व्हायला हवी. न्यायप्रविष्ट प्रकरणांसारखे काही अपवाद कायद्यात आहेत.

उपाय टिपणी लिहिण्यापासून सुरू होतो. पहिल्या परिच्छेदात अर्जदाराची मागणी एका वाक्यात. मग लागू तरतूद, शासन निर्णयाच्या दिनांकासह आणि परिच्छेद क्रमांकासह. मग उपलब्ध पर्याय, आपली शिफारस, आणि निर्णयाचा अधिकार कोणत्या पदाला आहे. शेवटी नुसते 'आदेशार्थ सादर' न लिहिता 'परिच्छेद ४ मधील शिफारस मान्य असल्यास सोबतच्या मसुद्यावर स्वाक्षरी व्हावी' असे लिहा आणि पत्राचा मसुदा जोडा. नाही म्हणायचे तर वरच्यालाही मग कारण लिहावे लागते.

प्रश्न : बेलापूरला एका शाखेचा प्रमुख आहे. आढावा बैठका, व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) आणि 'तातडीने माहिती पाठवा' यांतच आठवडा संपतो. तीच माहिती चार तक्त्यांत, चार ठिकाणी. काय करावे?
— एक वाचक, बेलापूर

उत्तर : बैठका बंद करणे तुमच्या हातात नाही, तक्ते कमी करणे काही अंशी आहे. शाखेतून जाणाऱ्या सगळ्या नियतकालिकांची यादी करा : विवरणपत्र, कोणाला, कधी, आणि कोणत्या पत्राने सुरू झाले. शेवटचा रकाना भरताना लक्षात येईल की काही विवरणपत्रांचे मूळ पत्रच सापडत नाही. ती परस्पर बंद करू नका. आवश्यकता आहे का, अशी लेखी विचारणा करा.

उरलेल्यांसाठी एकच मूळ तक्ता ठेवा आणि आकडे गोठवण्याची वेळ ठरवा, उदाहरणार्थ गुरुवारी संध्याकाळी पाच. मागणी कोणाचीही असो, उत्तर त्याच आकड्यांवरून आणि वर तो दिनांक लिहून. एकाला सोमवारचा आकडा, दुसऱ्याला बुधवारचा गेला की 'तफावतीचा खुलासा करावा' असे पत्र येते, आणि मग त्या खुलाशाचे काम वेगळेच.

तुम्ही स्वतः घेता त्या बैठकीत 'कार्यवाही सुरू आहे' हे उत्तर स्वीकारू नका. तीन गोष्टी विचारा : फाइल आत्ता कोणाकडे, कोणत्या तारखेपासून, पुढचा टप्पा कोणता. इतिवृत्त त्याच दिवशी काढा, एका पानाचे. आणि व्हॉट्सॲपवर आलेली मागणी आवक नोंदवहीत घ्या, नाहीतर दिवस कुठे गेला हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

प्रश्न : बायोमेट्रिक हजेरी कडक केली तर कामे लवकर होतील का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : खिडकीवर माणूस वेळेवर भेटेल, एवढे नक्की, आणि तेही कमी नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. म्हणून रोजची वेळ वाढवून पावणेदहा ते सव्वासहा केली. यंत्र माणूस आल्याची नोंद घेते, त्याने काय केले याची नाही. उशिरापर्यंत बसणाऱ्याला कामसू समजण्याची पद्धतही तितकीच फसवी. रोज रात्री आठपर्यंत बसावे लागत असेल, तर कामाची वाटणी चुकली आहे किंवा दिवसाचे काम दिवसा होत नाही.

प्रश्न : अधिवासाच्या दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज केला. स्थिती 'निकाली' दिसते, दाखला नाही. कार्यालयात गेलो तर 'पुन्हा अर्ज करा' म्हणतात. मार्ग काय?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : पुन्हा अर्ज मुळीच लगेच करू नका. नवा अर्ज म्हणजे नवी मुदत. तुमचा जुना अर्ज त्यांच्या हिशेबात वेळेत निकाली निघालेला राहतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित (या कायद्याखाली जाहीर केलेल्या) सेवेचा अर्ज नाकारताना कारण लेखी द्यावे लागते, आणि अपील कोणाकडे व किती मुदतीत करायचे हेही कळवावे लागते. आधी ते कारण मिळवा. पोर्टलवरील शेरा आणि पोचपावती, दोन्हींच्या प्रती काढून ठेवा. मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजतात. म्हणून कागदपत्र खरेच राहिले होते का, हे पोचपावतीवरील यादीशी ताडून पाहा.

कारण पटले नाही, किंवा मुदत उलटली, तर ३० दिवसांत पहिले अपील करा. त्याचा निर्णय ३० दिवसांत अपेक्षित असतो. त्यानंतर दुसरे अपील, तेही ३० दिवसांत, आणि त्याचा निर्णय ४५ दिवसांत. तिसरे अपील ६० दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे. पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नसेल तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती, म्हणजे दंड, होऊ शकते. रक्कम लहान आहे, पण तिच्या भीतीने बरीच कामे पहिल्या अपिलातच मार्गी लागतात. अनेक जण अपील न करता तक्रार पोर्टलवर जातात. तिथे तक्रार 'संबंधितांकडे वर्ग' होऊन पुन्हा निकाली निघते, आणि इकडे अपिलाची मुदत उलटते.

जोडीला माहिती अधिकाराचा अर्ज करता येईल. शुल्क १० रुपये. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत, हे सांभाळा, नाहीतर तोही परत येतो. 'माझे काम का झाले नाही' असे विचारू नका. अर्ज क्रमांक लिहा आणि मागा : या अर्जावर प्रत्येक टेबलावर झालेल्या कार्यवाहीचा दिनांक, त्या कर्मचाऱ्याचे पदनाम, आणि टिपणीची छायांकित प्रत.