नावासाठी ५२,००० डॉलर: १९६३ सालच्या बेस गिटारविषयी एका वाचकाला उत्तर

न्यू जर्सीतील एडिसनहून एका वाचकांचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे वय ४७ असून ते सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतात, पत्नी शाळेत अर्धवेळ शिकवतात आणि मुलगी दहावीत आहे. पुण्यात कॉलेजला असल्यापासून ते बेस गिटार वाजवत आले आहेत आणि आजही महिन्यातून दोनदा मित्रांच्या बँडबरोबर वाजवतात. जुन्या वाद्यांच्या एका दुकानाने त्यांना १९६३ सालचा फेंडर प्रिसिजन बेस ६८,००० डॉलरना देऊ केला असून, तो पूर्वी एका अतिशय प्रसिद्ध वादकाच्या मालकीचा होता असे दुकानाचे म्हणणे आहे. त्या वादकाचे नाव पत्रात आहे, परंतु दावा सिद्ध झालेला नसल्यामुळे मी ते येथे देत नाही. त्याच सालचा, जवळपास त्याच अवस्थेतला, पण कोणाच्या नावाशी न जोडलेला बेस इतर दोन विक्रेत्यांकडे १६,००० डॉलरच्या आसपास मिळतो, हेही त्यांनी चौकशी करून कळवले आहे. बचतीतून २८,००० डॉलर आणि ४०१(के) या निवृत्ती खात्यावर कर्ज काढून ४०,००० डॉलर अशी त्यांची योजना आहे. वाद्य वाजवताही येईल आणि ती गुंतवणूकही ठरेल, मग घ्यायला हरकत कोणती, असा त्यांचा प्रश्न असून दुकानाला दोन आठवड्यांत उत्तर द्यायचे आहे.

या किमतीला, या कागदपत्रांवर आणि अशा पद्धतीने पैसे उभे करून हा बेस घेऊ नये, असे माझे मत आहे. मात्र तुमची ओढ मला खरी वाटते आणि तिचा मी अव्हेर करत नाही, म्हणून कारणे नीट मांडतो.

तुमच्याच आकड्यांपासून सुरुवात करू. ६८,००० डॉलरपैकी १६,००० डॉलर लाकूड, तारा, चुंबकीय पिकअप (तारांचा कंप टिपणारा भाग) आणि फेंडरच्या कारखान्यातील त्या काळाच्या कारागिरीचे आहेत. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेला हा बेस आणि जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला विकण्यापूर्वीची वाद्ये यांना वादकांमध्ये कायमची मागणी आहे. ही किंमत वरखाली होत राहील. २००८ च्या आर्थिक संकटानंतर जुन्या गिटारींचे भाव चांगलेच उतरले होते आणि सावरायला त्यांना बरीच वर्षे लागली. तरीही वाजवणारा माणूस आहे तोवर या भागाला गिऱ्हाईक मिळेल. उरलेले ५२,००० डॉलर केवळ एका वाक्याचे आहेत, आणि ते वाक्य म्हणजे ‘हा बेस अमुक वादकाचा होता’. ते वाक्य तुम्ही विकत घेताना जितके खरे वाटते, तितकेच खरे ते तुमच्यानंतरच्या खरेदीदाराला, तुमच्या अनुपस्थितीत, केवळ कागदांवरून वाटले पाहिजे. तसे झाले नाही तर तुमच्याकडे १६,००० डॉलरचा उत्तम बेस उरेल.

माझ्या मामांनी सांगलीत एक पायपेटी घेतली होती. ती एका गाजलेल्या नाटक मंडळीची आहे, असे विकणाऱ्याने सांगितले होते आणि मामा ती हकिगत इतकी रंगवून सांगत की ऐकणाऱ्याला शंका येत नसे. ते गेल्यावर मामेभावांनी ती विकायला काढली तेव्हा एक पावती नाही, एक छायाचित्र नाही, मंडळीच्या सामानाची यादी नाही. पायपेटीला जुन्या पायपेटीचाच भाव आला. हकिगत कदाचित खरीही असेल, पण ती मामांच्याबरोबर गेली होती.

दुकान तुम्हाला काय देत आहे ते आता पाहू. पत्राप्रमाणे तीन गोष्टी आहेत: दुकानाने स्वतः सही केलेले सत्यता-प्रमाणपत्र, दौऱ्यांवर वाद्ये सांभाळणाऱ्या एका जुन्या तंत्रज्ञाचे पत्र, आणि तो वादक सनबर्स्ट रंगाचा (मधे फिकट, कडेला गडद) बेस घेऊन उभा असल्याचे एक छायाचित्र. पहिल्याला मी फारसे वजन देणार नाही, कारण विक्रेत्याने आपल्याच मालाविषयी दिलेले ते निवेदन आहे. दुसरे उपयोगी आहे, परंतु त्या गृहस्थांनी हे वाद्य कोणत्या वर्षांत हाताळले, कोणत्या खुणेवरून ओळखले आणि ते वादकाच्या हातून नेमके कोणाकडे गेले, याचा त्यात उल्लेख नाही असे तुम्हीच लिहिता. छायाचित्राने काहीही सिद्ध होईल ते तेव्हाच, जेव्हा त्यातील बेस आणि दुकानातील बेस एकच असल्याचे दाखवता येईल. सनबर्स्ट रंगाच्या पारदर्शक भागातून लाकडाच्या रेषा दिसतात आणि त्या कोणत्याही दोन वाद्यांत सारख्या नसतात. रंगाचे टवके, सिगारेटचे डाग, पट्ट्याने झालेली झीज यांवरूनही तज्ज्ञ जुळणी करतात. अशी जुळणी दुकानाने केलेली नाही. अनुक्रमांक जुळतो एवढ्यावर विसंबू नका, कारण फेंडरच्या त्या काळातल्या वाद्यांवर अनुक्रमांक मानेच्या सांध्यावरील धातूच्या पट्टीवर असतो आणि ती पट्टी चार स्क्रू काढून दुसऱ्या वाद्याला बसवता येते. वाद्याचे वय ठरवण्यासाठी मान उतरवून तिच्या टाचेवरचा महिन्या-वर्षाचा शिक्का आणि आतल्या पोटेन्शिओमीटरवरील (आवाज कमीजास्त करणाऱ्या भागावरील) सांकेतिक आकडे पाहावे लागतात. त्या आकड्यांतले पहिले तीन बनवणाऱ्या कंपनीचे असतात (१३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल) आणि नंतरचे वर्ष व आठवडा सांगतात. पण यातून फक्त वय ठरते, मालक कोण होता हे नाही.

मोठ्या रकमांच्या ज्या विक्रींचा तुम्ही हवाला दिला आहे, त्यांच्यात एक समान धागा आहे. पिंक फ्लॉइडचे डेव्हिड गिल्मर यांची काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ३९,७५,००० डॉलरना गेली, आणि रोलिंग स्टोन्सचे बिल वायमन यांचा १९६९ चा फेंडर मस्टँग बेस २०२० मध्ये जुलियन्सच्या लिलावात ३,८४,००० डॉलरना गेला. दोन्ही वाद्ये त्या वादकांनी स्वतः विक्रीला दिली होती. मधे कोणी नाही, शंकेला जागा नाही. गिल्मर यांच्या गिटारची मान आणि पिकअप अनेकदा बदललेले होते, आणि साध्या जुन्या गिटारीत अशा बदलांनी किंमत कोसळते. येथे उलट झाले, कारण ते बदल गिल्मर यांनीच करून घेतले होते आणि ते छायाचित्रांत, ध्वनिमुद्रणांत नोंदलेले होते. तुमच्या बेसच्या पिकअपची तार मागाहून नव्याने गुंडाळलेली आहे असे दुकान सांगते. ते त्या वादकाने करून घेतले असेल तर कथेचा भाग ठरेल. मधल्या एखाद्या मालकाने केले असेल तर नुसती घट. कोणते खरे आहे, हे दुकानाला सांगता आले पाहिजे.

मालकीहक्काचा मुद्दा तुमच्या पत्रात अजिबात नाही, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. प्रसिद्ध वादकांचे बेस चोरीला जाण्याचा इतिहास मोठा आहे. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गला सुमारे ३० पौंडांना घेतलेला हॉफनर बेस १९७२ मध्ये लंडनमधील नॉटिंग हिल येथे व्हॅनमधून चोरीला गेला आणि पन्नासहून अधिक वर्षांनी त्यांच्याकडे परत आला. जॅझ वादक जेको पास्टोरियस यांचा १९६२ चा फेंडर जॅझ बेस १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेला, दोन दशकांनंतर तिथल्याच एका दुकानात दिसला, आणि बऱ्याच वादानंतर २०१० मध्ये मेटॅलिका बँडचे बेसवादक रॉबर्ट ट्रुहिलो यांच्या मदतीने कुटुंबाकडे आला. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत वाजलेला जेम्स जेमरसन यांचा १९६२ चा प्रिसिजन १९८३ मध्ये त्यांच्या निधनाच्या थोडे आधी चोरीला गेला. अमेरिकेच्या कायद्यात चोरीच्या मालाचा मालकीहक्क सर्वसाधारणपणे प्रामाणिक खरेदीदारालाही मिळत नाही. उद्या त्या वादकाचे कुटुंब दारात उभे राहिले तर वाद्यही जाईल आणि पैसे परत मिळवण्यासाठी दुकानाच्या मागे लागावे लागेल. म्हणून वादकापासून दुकानापर्यंतच्या प्रत्येक हस्तांतराची पावती किंवा पत्र, आणि दुकानाची मालकीहक्काची लेखी हमी, या दोन गोष्टींवाचून एक डॉलरही देऊ नये.

आता गुंतवणुकीचा हिशेब. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के आहे, म्हणजे ४,५०५ डॉलर. तो तुमच्या योजनेत धरलेला नाही. दुकान दुसऱ्या राज्यात असले तरी हा कर चुकत नाही. खरा खर्च ७२,५०५ डॉलर झाला. दहा वर्षांनी बेस दुकानामार्फत विकला आणि दुकानाने २० टक्के दलाली घेतली असे धरू, तर केवळ आपले पैसे परत मिळण्यासाठी तो सुमारे ९०,६०० डॉलरना विकला गेला पाहिजे. तेवढेच पैसे सरासरी ५ टक्क्यांनी वाढले असते तर दहा वर्षांत १,१८,१०० डॉलर झाले असते, आणि दलाली वजा जाता तेवढे हाती येण्यासाठी बेसला १,४७,६०० डॉलरचा भाव यावा लागेल. यात विम्याचा हप्ता धरलेला नाही. नफा झालाच तर जुन्या संग्राह्य वस्तूंच्या दीर्घकालीन नफ्यावर केंद्रीय कराचा कमाल दर २८ टक्के आहे, तर शेअरवर तो २० टक्के. आणि स्वतःच्या वापराच्या वस्तूवर तोटा झाला तर तो करात वजा करता येत नाही. शिवाय दहा वर्षांनी त्या नावासाठी एवढे पैसे मोजणारे कोण असतील, याचा विचार करा. आज ते नाव ऐकून ज्यांचे हात खिशाकडे जातात त्यांनी तो वादक तरुणपणी प्रत्यक्ष ऐकला आहे, आणि ती पिढी आता खरेदी करण्याऐवजी संग्रह विकायला काढण्याच्या वयात येत आहे.

पैसे उभे करण्याची पद्धत मला त्याहूनही धोक्याची वाटते. तुमची बचत ६०,००० डॉलर आणि घरखर्च महिन्याला ७,५०० डॉलर, म्हणजे आज आठ महिन्यांची सोय आहे. २८,००० आणि विक्रीकर दिल्यावर २७,५०० डॉलर उरतील, म्हणजे चार महिनेही नाहीत. कंपनीत वर्षभरात दोनदा नोकरकपात झाली, हे तुम्हीच लिहिले आहे. ४०१(के) वरचे ४०,००० डॉलरचे कर्ज पाच वर्षांत फेडायचे असते. व्याजदर साडेआठ टक्के धरला तर दरमहा सुमारे ८२० डॉलर. नोकरी गेली तर उरलेली रक्कम त्या वर्षाचे विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत भरावी लागते. न भरल्यास ती उत्पन्नात धरली जाते आणि तुमच्या वयात वर १० टक्के दंडही लागतो. म्हणजे पगार बंद झाल्यावरच कराचे बिल येईल आणि त्यासाठी बेस मिळेल त्या भावाला विकावा लागेल. आणि कर्जाच्या पाचपैकी शेवटची तीन वर्षे मुलीच्या कॉलेजची आहेत. पत्नीने ‘तू ठरव’ असे म्हटले आहे. माझी विनंती आहे की हे आकडे घेऊन दोघांनी एकत्र बसावे आणि मग त्यांचे मत पुन्हा विचारावे.

तुमच्या पत्रातल्या ‘वाजवीनही’ या शब्दाविषयीही बोलले पाहिजे. वादकाच्या हातची झीज हाच तुम्ही पैसे देत असलेल्या पुराव्याचा भाग असेल, तर त्यावर तुमच्या हातची झीज चढवायला तुमचे मन धजणार नाही. फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या तारा) बदलायची वेळ आली तर प्रश्न आणखी अवघड होईल. घराच्या विम्यात एवढ्या किमतीचे वाद्य आपोआप येत नाही, त्यासाठी ठरलेल्या मूल्यावर स्वतंत्र विमा लागेल, आणि मानधन घेऊन वाजवत असाल तर ते विमा कंपनीला आधी सांगावे लागेल. निवृत्तीनंतर पुण्याला परतण्याचा तुमचा विचार आहे. त्या वर्षांतल्या फेंडरच्या फिंगरबोर्डला (मानेवरच्या, बोटे दाबायच्या लाकडी पट्टीला) बहुतांशी ब्राझिलियन रोझवूड असे. हे लाकूड १९९२ पासून साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे वाद्य देशाबाहेर नेताना किंवा विकताना ते लाकूड जुने असल्याचे सरकारी प्रमाणपत्र लागते.

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो, आणि तुमच्या हौसेसाठी माझ्याकडे एक सूचना आहे. १६,००० डॉलरचा बिननावाचा १९६३ चा बेस करासह १७,०६० डॉलरना पडेल. तो कर्जाशिवाय घेता येईल, त्यानंतरही पावणेसहा महिन्यांची सोय उरेल, आणि वर्षअखेरच्या बोनसची वाट पाहिलीत तर तेवढीही झळ बसणार नाही. तो तुम्ही दर आठवड्याला निर्धास्तपणे वाजवाल. तुमच्या जागी मी असतो तर हाच घेतला असता.

नावाचाच बेस हवा असेल, तर दुकानाला उद्याच लिहा: हस्तांतरांची संपूर्ण साखळी, मालकीहक्काची लेखी हमी, पिकअपची तार कोणी आणि केव्हा पुन्हा गुंडाळली याचा पुरावा, आणि तुम्ही निवडलेल्या तज्ज्ञाकडून मान उतरवून तपासणी व छायाचित्र जुळणी करू देण्याची परवानगी. यासाठी दोन आठवडे पुरणार नाहीत, म्हणून मुदत वाढवून मागा. चारही गोष्टी मिळाल्या तरी ४०१(के) ला हात लावू नका. मग किमतीवर बोलणी कशी करायची ते आपण पाहू. साखळी किंवा हमी नाकारली गेली, तर तो बेस घेऊच नका; उरलेल्या दोहोंपैकी एकही गोष्ट नाकारली गेली, तर त्यासाठी १६,००० डॉलरपेक्षा जास्त देऊ नका.