हॅरी पॉटरचा तिसरा चित्रपट, ‘प्रिझनर ऑफ अझकाबान’, समीक्षकांनी डोक्यावर घेतला, मग पुस्तकाचे वाचक त्यावर एवढे चिडून का असतात?

समीक्षकांचं दोन ओळींत उरकते. दिग्दर्शक क्रिस कोलंबसने पहिले दोन चित्रपट पुस्तकाचं बोट धरून केले होते. २००४ मध्ये अल्फान्सो क्वारोन आला आणि पोरं टाय सैल सोडून, जीन्स घालून हिंडायला लागली, हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचे रंग काळवंडले, ऋतू पालटल्याचं आवारातल्या त्या झोडपणाऱ्या झाडावरून कळायला लागलं. दिग्दर्शकाचा हात दिसला, समीक्षक खूश.

वाचकांचं दुखणं मात्र ‘बारीकसारीक गोष्टी कापल्या म्हणून रडतात’ इतकं सोपं नाही. हे वाक्य मी दर दिवाळीला ऐकते. माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, पुण्यात सिनेमाच्या रसग्रहणाचा कोर्स केलाय. तेव्हापासून पुस्तकाबद्दल बोललं की तो हसतो.

आम्ही तो चित्रपट घरचे सगळे मिळून पाहिला. मी पुस्तक कोळून प्यायलेली, दादाने शिवलेलंही नाही, आणि मावशीची धाकटी चौथीत, तिने फक्त आधीचे दोन चित्रपट पाहिलेले. तळ्याकाठी डिमेंटर्स, म्हणजे माणसाचा आनंद शोषून घेणारे ते काळे पहारेकरी, हॅरीला घेरतात आणि पलीकडच्या काठावर प्रकाशाचं हरीण उभं राहतं, तो प्रसंग सुरेखच आहे. परतताना रिक्षात धाकटीने विचारलं, “हरीणच का? वाघ का नाही आला?”

दादा म्हणाला, “अगं, ते प्रतीक आहे.”

“कशाचं?”

तो जरा थांबला. “निरागसतेचं.”

कसली निरागसता! ज्यांना पुस्तक अजून वाचायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडा. हॅरीचा बाप जेम्स हरणाचं रूप घ्यायचा. तो, सिरियस, ल्युपिन आणि पीटर, या चौघा मित्रांनी शाळेत असताना हॉगवर्ट्सचा तो जादूचा नकाशा केला, आणि नकाशावरचं ‘प्राँग्ज’ हे टोपणनाव जेम्सचं. म्हणून पोराचा पॅट्रोनस, म्हणजे डिमेंटर्सना पळवणारं ते प्रकाशाचं रूप, हरीण. पोराला वाटतं बापाने येऊन वाचवलं, प्रत्यक्षात त्याने काळात मागे जाऊन स्वतःच स्वतःला वाचवलेलं असतं, पण रूप बापाचं. पुस्तकाची सगळी गुंफण या एका गाठीवर आहे. चित्रपटात सिरियसचा कुत्रा दाखवला, पीटरचा उंदीर दाखवला, ल्युपिनचा लांडगा दाखवला, नकाशावरची चार नावंही दाखवली. ती नावं कुणाची, हे मात्र कुणी बोलतच नाही. आता हॅरीचा शिक्षक असलेल्या ल्युपिनला तो कोरा दिसणारा कागद नकाशा आहे हे कसं ठाऊक, याचंही उत्तर नाही. पटकथाकार स्टीव्ह क्लोव्हजला ल्युपिनच्या तोंडी दोन वाक्यं घालायला किती वेळ लागला असता? जादूच्या बसमधली लटकती मुंडकी बडबडतात, त्यांना वेळ आहे. आणि ती पुस्तकात नाहीतच.

म्हणजे नुकसान आमचं झालंच नाही. आम्हाला माहीत होतं, आम्ही मनातल्या मनात गाळलेल्या जागा भरल्या. नुकसान त्या चौथीतल्या पोरीचं झालं. ‘चित्रपट स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे’ असं म्हणणाऱ्यांनीच खरं तर इथे ओरडायला हवं होतं.

आणि ‘समीक्षक’ म्हणजे काही एकमताने ठराव पास करणारी ग्रामसभा नाही. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्टने पहिल्या दोन्ही चित्रपटांना चारपैकी चार तारे दिले आणि याला साडेतीन. दादाला हे सांगितलं की तो विषय बदलतो. आठही चित्रपटांत सगळ्यात कमी गल्ला याचाच, हेही मी त्याला ऐकवते. अर्थात त्याने काही सिद्ध होत नाही. आधीचे दोन नोव्हेंबरात आले होते, हा जूनमध्ये, शिवाय गल्ल्यावरून दर्जा ठरवायचा तर अवघडच आहे.

चित्रपट वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. कालचक्राचा, म्हणजे काळात मागे जाण्याचा भाग, दोन-दोन हॅरी, दोन-दोन हर्मायनी, तो पुस्तकापेक्षाही स्वच्छ कळतो. बकबीक या अर्ध्या गरुड, अर्ध्या घोड्याची भरारीही. मी आजही टीव्हीवर लागला तर उठत नाही.

तुम्ही वाचलं नसेल तर आधी वाचा, मराठीतही मिळतं. तेवढा धीर नसेल तर निदान अठरावं प्रकरण वाचून मग चित्रपट लावा; प्रकरणाचं नावच त्या चौघांच्या टोपणनावांचं आहे. आणि दादा, तू हे वाचत असशील तर तूही तेच प्रकरण काढ. निरागसता कुठल्या पानावर सापडली ते ग्रुपवर टाक, धाकटी अजून विचारते.