राउटर बंद करण्यापूर्वी
राउटर शिकताना आज्ञा पाठ करण्याआधी त्यातील चार स्मृती ओळखून घ्याव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. सिस्को कंपनीच्या पारंपरिक राउटरमध्ये रॉममध्ये बूटस्ट्रॅप (राउटर सुरू करणारा छोटा प्रोग्राम) आणि फ्लॅशमध्ये आयओएस (सिस्कोची कार्यप्रणाली) असते. नवशिक्यांची खरी गल्लत होते ती रॅम आणि एनव्हीरॅम (वीज गेली तरी मजकूर टिकवणारी स्मृती) यांच्यात. इंटरफेसला (राउटरच्या जोडणीच्या द्वाराला) दिलेला आयपी पत्ता तत्काळ लागू होतो, परंतु तो केवळ रॅममधील चालू कॉन्फिगरेशनमध्ये (मांडणीत) असतो, त्यामुळे ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा देऊन ते एनव्हीरॅममध्ये जतन करण्यापूर्वी वीज गेली, तर सारे पुसले जाते. रात्री उशिरापर्यंत बसवलेले राउटिंग मी स्वतः असेच गमावले आहे. जतन करूनही राउटर कोराच सुरू झाला, तर कॉन्फिगरेशन रजिस्टर (राउटरने सुरू होताना काय करावे हे ठरवणारी संख्या) तपासावे; तेथे ०एक्स२१०२ ऐवजी ०एक्स२१४२ असल्यास एनव्हीरॅममधील मांडणी वाचलीच जात नाही.